व्यक्तिचित्र आणि लग्नाचे छायाचित्रण: कलाछायाचित्रकाराची पद्धत दोन्हीकडे एकच असू शकते का?

उत्तरखिडकी

व्यक्तिचित्रे आणि लग्नाची छायाचित्रे ही दोन्ही कामे मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि ती दोन निराळी कामे आहेत असे मला आता वाटत नाही. सहसा असे मानले जाते की व्यक्तिचित्रात सगळे काही छायाचित्रकाराच्या हातात असते आणि लग्नात काहीच नसते, म्हणून पहिल्यात कला शक्य आहे आणि दुसऱ्यात फार तर तत्परता. मला हे पटत नाही. दोन्हीकडे आपल्या हातात खात्रीने असते ते इतकेच की आपण कोठे उभे राहायचे आणि कोणत्या उजेडाकडे पाहायचे. हे माणूस समोर येण्याआधी ठरवावे आणि मग त्याला त्याच्या गतीने त्या उजेडात येऊ द्यावे, अशी माझी पद्धत आहे. जागा आधी, माणूस नंतर.

व्यक्तिचित्रासाठी कोणाकडे गेलो की मी प्रथम रिकामी खोली पाहतो. छतावरचे सगळे दिवे बंद करून खिडकीतला उजेड कोणत्या भिंतीवर पडतो, किती अंतरावर विरतो आणि कोणत्या कोपऱ्यात सावली काळी न होता नुसती गडद राहते, हे पाहण्यात माझा बराच वेळ जातो. खुर्ची खिडकीला अगदी लागून ठेवली तर चेहऱ्याची उजेडाकडची बाजू मऊ दिसते, पण दुसरी बाजू झपाट्याने अंधारात जाते. तीच खुर्ची थोडी मागे सरकवली की उजेड चेहऱ्यावर समान पसरतो, मात्र खिडकी त्या मानाने लहान झाल्यामुळे सावल्यांच्या कडा किंचित कठीण होतात. यांतले कोणते हवे हे चेहऱ्यावर अवलंबून असते. त्यासाठी तयार सूत्र नाही.

या विचारामागे अमेरिकन छायाचित्रकार अर्व्हिंग पेन यांनी १९४८ मध्ये केलेली व्यक्तिचित्रे आहेत. त्यांनी स्टुडिओत दोन फळ्या जोडून एक अरुंद कोपरा तयार केला आणि नामवंत व्यक्तींना त्यात उभे केले. लेखक ट्रुमन कपोटी, कलावंत मार्सेल द्युशाँ, चित्रकार जॉर्जिया ओकीफ असे एकमेकांशी काहीही साम्य नसलेले लोक त्या एकाच कोपऱ्यात आले, आणि कोणी भिंतीला रेलले, कोणी अंग चोरले, कोणी ती जागा पूर्ण व्यापून टाकली. पेन यांनी जागा पक्की केली, पण माणसाने तिथे काय करायचे ते त्याच्यावर सोडले, म्हणूनच ती चित्रे आजही त्या माणसांविषयी काही सांगतात.

लग्नातही मी हेच करतो. समारंभाच्या आधी जागा फिरून पाहतो, आणि जिथे उजेड चांगला आहे, मागे पसारा नाही आणि माणसे आपणहून येणारच आहेत, अशा मोजक्या ठिकाणांची मनात नोंद करतो: तयारीच्या खोलीतील खिडकी, आतून बाहेर उघडणारा दरवाजा, जिन्याचे वळण. नंतर चेहऱ्यांच्या मागे धावण्याऐवजी त्या ठिकाणी थांबतो. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिये-ब्रेसाँ यांचे १९३२ चे फ्रान्समधील ईएर गावातील छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल: वळणदार जिना, कठडा आणि खालून निघून जाणारा सायकलस्वार. ते पाहताना लक्षात येते की जिन्याची ती चौकट सायकलस्वार नसतानाही उभी राहू शकते. लग्नात अशी एक चौकट हाताशी असेल तर तीतून वधूची बहीण धावत जाते तेव्हा आपल्याला फक्त बोट दाबायचे असते.

या पद्धतीविषयी, विशेषतः तिच्या मर्यादांविषयी, इथल्या अनुभवी मंडळींचे मत वाचायला आवडेल.

कृष्णधवल

लेख मनापासून आवडला, पण मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे आणि तो मी स्पष्ट मांडतो. आपण सांगितलेली पद्धत व्यक्तिचित्राला शोभते, कारण तिथे समोरचा माणूस केवळ त्या चित्रासाठी आलेला असतो. लग्नात कोणीही आपल्या चित्रासाठी आलेले नसते. खोलीच्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेले आजोबा तुमच्या खिडकीपाशी कधीच येणार नाहीत. त्यांना उठवत नाही, आणि ज्या क्षणी त्यांचे डोळे भरून येतात तेव्हा तुम्ही दुसरीकडे, सुंदर उजेडात, कोणाची तरी वाट पाहत असता. वीस वर्षांनी त्या कुटुंबाला जिन्याच्या वळणाचे चित्र हवे असेल की आजोबांचे? चित्र थोडे दाणेदार, थोडे हललेले असले तरी चालेल, पण ते असले पाहिजे.

कलाछायाचित्रकार स्वतःला लेखक मानतो आणि लग्नाला आपली सामग्री, हा धोका मला या पद्धतीत दिसतो. प्रदर्शनात लावता येतील अशी उत्तम चित्रे मिळतात, पण कोण आले होते, कोण कोणाजवळ उभे होते, कोणी कोणाचा हात धरला होता, याची नोंद राहत नाही. ती नोंद ठेवणे हे दुय्यम काम नाही.

मध्यम करडा

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण ‘उत्तरखिडकी’ यांच्या बाजूने एक ऐतिहासिक गोष्ट सांगाविशी वाटते. लग्नाचे छायाचित्र हे मुळात व्यक्तिचित्रच होते. दागेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावर छायाचित्र उमटवण्याची पद्धत, १८३९ मध्ये जाहीर झाली आणि त्यानंतर कित्येक दशके उपकरणे इतकी अवजड आणि उजेड टिपणारे पत्रे व काचा इतक्या मंद होत्या की प्रत्यक्ष समारंभ टिपणे जवळजवळ अशक्य होते. लग्नाच्या पोशाखातील जोडपे स्टुडिओत जाऊन बसत असे. राणी व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट यांचा विवाह १८४० मध्ये झाला, पण त्यांच्या लग्नाची म्हणून जी चित्रे अनेकदा दाखवली जातात ती छायाचित्रकार रॉजर फेंटन यांनी १८५४ मध्ये, म्हणजे लग्नानंतर चौदा वर्षांनी काढलेली आहेत. समारंभात फिरून चित्रे टिपणे हे हलके कॅमेरे, वेगवान फिल्म आणि १९३० च्या सुमारास आलेले फ्लॅशबल्ब यांच्यामुळे हळूहळू शक्य झाले. ‘कृष्णधवल’ ज्याला नोंद म्हणतात ती या व्यवसायात नंतर आलेली गोष्ट आहे. ती आली हे चांगलेच झाले, पण तिच्यामुळे आधीची शिस्त टाकाऊ ठरत नाही.

आता उजेडाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण लग्नातील चित्रे बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण अंधार नसून मिश्र उजेड आहे, असे माझे निरीक्षण आहे. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा किंवा त्याहून निळसर असतो, आणि पिवळे दिवे सुमारे ३००० केल्विनचे. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल निळा आणि दुसरा नारिंगी दिसतो, आणि व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा मानायचा ही कॅमेऱ्याची मांडणी) कोणताही धरला तरी एक बाजू चुकतेच. त्यात भिंतीवर रंगीत एलईडी असतील तर त्वचेचा रंग संगणकावरही पूर्ण परत आणता येत नाही, कारण त्या उजेडात वर्णपटाचा काही भागच गैरहजर असतो आणि जो रंग कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलाच नाही तो रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधूनही) काढता येत नाही. म्हणून तयारीच्या खोलीत पिवळे दिवे बंद करण्याची विनंती मी नेहमी करतो, आणि ती सहसा मान्य होते.

सभागृहात दिवे बंद करता येत नाहीत, तेव्हा फ्लॅशच्या तोंडाला नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावून तो छतावर किंवा बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर आपटवावा. म्हणजे फ्लॅशचा उजेड दिव्यांच्या रंगाशी जुळतो आणि मोठ्या पृष्ठभागावरून परतल्यामुळे मऊही होतो. छत गडद किंवा रंगीत असेल तर मात्र हा उपाय करू नये. तो रंग चेहऱ्यावर उतरतो. फ्लॅश थेट माणसांवर रोखला तर अंतर दुप्पट झाल्यावर उजेड चौथा हिस्साच उरतो, त्यामुळे पुढची रांग पांढरी आणि मागची काळी होते. आजच्या कॅमेऱ्यांवर आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० वापरायला घाबरण्याचे कारण नाही. थोडे दाणे पत्करावेत, थेट फ्लॅश पत्करू नये.

शेवटची रांग

मी छायाचित्रकार नाही. समोर बसणाऱ्या माणसाच्या बाजूने लिहिते आहे, कारण या चर्चेत ती बाजू अजून आलेली नाही.

माझ्या लग्नात छायाचित्रकाराने आम्हाला सतत सूचना दिल्या: हनुवटी वर, खांदे मागे, त्याच्याकडे पाहा, आता हसा, पुन्हा एकदा तसेच करा. त्यांचे काम तांत्रिकदृष्ट्या उत्तम होते. तरीही ती चित्रे पाहताना मला लग्न आठवत नाही, सूचना आठवतात. त्यांतली जी दोन-तीन चित्रे मला प्रिय आहेत ती सगळी अशा वेळची आहेत जेव्हा लेन्स बदलण्यासाठी किंवा दुसऱ्या कशासाठी ते गप्प झाले होते आणि बहुधा सोबतच्या साहाय्यकाने कॅमेरा उचलला होता.

माझा प्रश्न असा आहे की सूचना देणे आणि न देणे यांतली सीमा तुम्ही कशी ठरवता? अजिबात काही सांगितले नाही तरी माणूस अवघडतो. हातांचे काय करायचे हेच कळत नाही.

उत्तरखिडकी

‘शेवटची रांग’ यांचा प्रश्न मला या सगळ्या चर्चेचा गाभा वाटतो, म्हणून ‘कृष्णधवल’ यांच्या आक्षेपाआधी त्याचे उत्तर देतो.

व्यक्तिचित्राच्या परंपरेत याची दोन टोके दिसतात. छायाचित्रकार युसुफ कार्श यांनी ३० डिसेंबर १९४१ रोजी कॅनडातील ओटावा येथे विन्स्टन चर्चिल यांचे जे प्रसिद्ध चित्र काढले, त्यात चित्रापूर्वी त्यांनी चर्चिल यांच्या तोंडातील सिगार काढून घेतला होता आणि ती रागीट मुद्रा त्यातून आली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. चित्र महान आहे यात शंका नाही. पण ज्या माणसाकडे सत्ता आहे त्याला डिवचणे वेगळे आणि कॅमेऱ्यासमोर आधीच बुजलेल्या माणसाकडून प्रतिक्रिया उकळणे वेगळे. दुसऱ्या टोकाला एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश छायाचित्रकार जूलिया मार्गारेट कॅमेरॉन आहेत. वयाच्या ४८ व्या वर्षी, १८६३ मध्ये, त्यांना पहिला कॅमेरा मिळाला. ओल्या कोलोडियनच्या (रसायनाचा ओला थर दिलेल्या) काचेवर त्यांची एक्स्पोजर, म्हणजे काचेवर उजेड पडू देण्याचा वेळ, काही मिनिटांपर्यंत लांबत असत. इतका वेळ कोणतीही कृत्रिम मुद्रा टिकत नाही. चेहरा थकतो, सैल होतो, आणि माणूस स्वतःच्या विचारात जातो. त्यांच्या चित्रांतील धूसरपणावर समकालीनांनी टीका केली. मला मात्र त्या चेहऱ्यांतील गुंतलेपण त्या लांबलेल्या वेळाशिवाय शक्य झाले असते असे वाटत नाही.

आज शटर १/२५० सेकंदात मिटते, तरी तो वेळ आपण वेगळ्या मार्गाने देऊ शकतो. चेहऱ्याविषयी मी कधीही सूचना देत नाही, असा माझा नियम आहे. शरीराला मात्र काम देतो: खिडकीकडे वळून बसा, हे बटण लावा, एकमेकांचा हात धरून त्या दारापर्यंत जा. हातांना काम मिळाले की चेहरा मोकळा होतो. पहिली काही चित्रे जवळजवळ नेहमीच वाया जातात, आणि ती जाऊ द्यावी लागतात. अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड ॲव्हडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागात केलेल्या मालिकेत मोठा आठ-बाय-दहा इंची कॅमेरा वापरला, आणि ते कॅमेऱ्याच्या मागे नव्हे तर त्याच्या बाजूला, समोरच्या माणसाच्या नजरेसमोर उभे राहत. समोरच्याला यंत्राऐवजी माणूस दिसतो, एवढ्यानेही फरक पडतो, म्हणून व्यक्तिचित्रासाठी शक्य तेव्हा मी कॅमेरा तिवईवर ठेवतो आणि डोळ्यांनी संपर्क तोडत नाही.

आता आजोबांचा मुद्दा. ‘कृष्णधवल’ यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष नाही. आजोबा अंधाऱ्या कोपऱ्यात बसले आहेत हे मला आधीच ठाऊक असले पाहिजे, कारण जागा पाहताना मी फक्त सुंदर उजेड पाहत नाही, वडीलधारी माणसे कोठे बसणार आहेत हेही विचारून घेतो. शक्य असल्यास त्यांची खुर्ची समारंभाआधीच दोन पावले उजेडाकडे सरकवण्याची विनंती करतो. ते शक्य नसेल तर त्या कोपऱ्यासाठी कोणती लेन्स लागेल आणि कोठून उभे राहिल्यास मागे स्वच्छ भिंत मिळेल हे ठरवून ठेवतो. नोंद करण्यासाठी सोबत दुसरा छायाचित्रकार असणे मी आवश्यक मानतो. एकट्याने दोन्ही कामे करण्याचे आश्वासन देऊ नये.

नवशिकी

मी नुकतीच लग्नाच्या कामात साहाय्यक म्हणून जाऊ लागले आहे. लेन्सविषयी मार्गदर्शन हवे आहे. सगळे जण ८५ मिमीची लेन्स आणि एफ १.४ किंवा १.८ (म्हणजे लेन्सचे तोंड खूप उघडे) असेच सांगतात, पण माझ्या चित्रांत एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. शिवाय जोडप्यापैकी एकच जण फोकसमध्ये राहतो.

मध्यम करडा

यात तुमच्या हाताचा दोष कमी आणि गणिताचा भाग जास्त आहे. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ८५ मिमीची लेन्स एफ १.८ वर ठेवून दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे सहा सेंटिमीटरचा असतो. चेहरा किंचित वळलेला असेल तर जवळच्या डोळ्यावर फोकस करावा. मागचा डोळा थोडा धूसर झाला तरी खटकत नाही, उलट झाले तर लगेच खटकते. दोघे असतील तर एफ ४ पर्यंत यावे, म्हणजे लेन्सचे तोंड लहान होऊन पट्टा रुंदावतो, आणि दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून साधारण समान अंतरावर येतील असे आपण स्वतः सरकावे.

फोकल लेंथविषयी, म्हणजे लेन्सच्या मिमीच्या आकड्याविषयी, एक समज दूर व्हायला हवा. नाक मोठे दिसणे किंवा चेहरा चपटा दिसणे हे लेन्समुळे होत नाही, अंतरामुळे होते. ३५ मिमीने चेहरा भरून घ्यायला आपण फार जवळ जातो, म्हणून नाक पुढे येते. तीच लेन्स घेऊन तीन मीटरवर उभे राहिलात तर चेहऱ्याची प्रमाणे बिघडत नाहीत, आणि माणसाभोवतीची जागाही चित्रात येते. आर्नल्ड न्यूमन यांचे इगोर स्ट्राव्हिन्स्की यांचे १९४६ चे चित्र पाहा: चौकटीचा बहुतांश भाग पियानोच्या उघड्या झाकणाने व्यापला आहे आणि संगीतकार खालच्या कोपऱ्यात लहानसा आहे. परिसर धूसर केला असता तर त्या चित्रात काय उरले असते?

कृष्णधवल

सोबत दुसरा छायाचित्रकार असण्याच्या अटीवर माझा विरोध बराच मावळला, हे मान्य करतो. पण समूहचित्रांचे काय? कलेची भाषा बोलणारे छायाचित्रकार समूहचित्रे उरकून टाकतात, असा माझा अनुभव आहे; आणि कुटुंबात सर्वांत जास्त वेळा पाहिली जातात ती हीच.

उत्तरखिडकी

तक्रार खरी आहे. समूहचित्र हे अनेक व्यक्तिचित्रांचे एक चित्र आहे, असे मानून ते केले पाहिजे. मोकळ्या सावलीत, उन्हाला पाठ न देता आणि उन्हात डोळे मिचकावायला न लावता, शक्य तितक्या कमी रांगांत लोकांना उभे करावे. कोण कोठे उभे राहील हे मी ठरवत नाही. प्रथम वडीलधाऱ्यांना बसवतो आणि इतरांना त्यांच्याभोवती आपणहून जमू देतो, कारण कोण कोणाशेजारी जाऊन उभे राहते हाच त्या चित्राचा आशय असतो. ऑगस्ट झांडर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीतील शेतकरी, कारागीर, कुटुंबे यांची जी चित्रे काढली त्यांत कोणालाही हसायला सांगितल्यासारखे वाटत नाही; लोक सरळ कॅमेऱ्याकडे पाहतात आणि त्यांच्या उभे राहण्यातला मान शाबूत राहतो. लग्नाच्या समूहचित्रात एक चित्र हसरे आणि एक चित्र असे शांत, अशी दोन घ्यावीत. पुढे मोठे करून भिंतीवर लावण्यासाठी बऱ्याचदा दुसरे निवडले जाते.

शेवटची रांग

उत्तरे वाचून बरे वाटले. एक शेवटचा प्रश्न: रिटचिंग. माझ्या चित्रांत मी ओळखू येत नाही इतकी त्वचा गुळगुळीत केलेली आहे. याविषयी आधी काही ठरवता येते का?

उत्तरखिडकी

ठरवता येते आणि ठरवायलाच हवे. माझी सीमा अशी आहे की जे दोन आठवड्यांत आपोआप जाणार आहे ते काढावे आणि जे माणसाबरोबर राहणार आहे ते ठेवावे. पुरळ, ओरखडा, कपड्यावरचा दोरा काढतो. तीळ, व्रण, सुरकुत्या, दातांतील फट यांना स्वतःहून हात लावत नाही. कोणी स्पष्ट सांगितले तर त्यांची इच्छा मानतो, पण इतर कोणी, अगदी नातेवाइकांनीही, त्यांच्या वतीने सांगितले तर मानत नाही. त्वचेचा पोत पुसला की छापील चित्रात ते जास्तच जाणवते. २४ मेगापिक्सेलची ६००० बाय ४००० ठिपक्यांची फाइल इंचाला ३०० ठिपके धरून छापली तर सुमारे २० बाय १३ इंचांची प्रिंट मिळते, आणि सुती कागदावर पिगमेंट शाईने केलेल्या तेवढ्या प्रिंटमध्ये गालावरची बारीक लवही दिसते. ती जिथे नाही तिथे चेहरा मेणाचा वाटतो.

निवडीबद्दलही असेच आधी बोलून घ्यावे. मी जोडप्याला नोंदीची सगळी चांगली चित्रे देतो, आणि त्यांतून क्रम लावलेला एक छोटा अल्बम वेगळा करतो, ज्यात प्रत्येक पानावर शक्यतो एकच चित्र असते. कृष्णधवल करायचे की रंगीत, हे चित्रागणिक ठरते. रंग बिघडला म्हणून कृष्णधवल करणे मी टाळतो, कारण ज्या चित्राचा उजेड मुळात सपाट आहे ते रंग काढल्यावर आणखी सपाट होते.

आणि ज्यांना प्रदर्शनात किंवा संकेतस्थळावर आपले चित्र नको असेल त्यांचा नकार लेखी नोंदवून ठेवतो. हे काम स्वीकारतानाच विचारावे, चित्रे हातात दिल्यावर नाही. तोपर्यंत ओळख झालेली असते आणि नाही म्हणणे लोकांना जड जाते. पाहुण्यांपैकी कोणी कॅमेरा पाहून तोंड फिरवले, तर त्या व्यक्तीचे चित्र त्या दिवशी पुन्हा घेऊ नये, असे माझ्या साहाय्यकांनाही सांगितलेले असते.